न संपणारा उपसा : औद्योगिक द्रावकांनी दूषित झालेल्या भूजलाच्या शुद्धीकरणाचा आढावा

मे १९७९मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील वोबर्न गावाने आपल्या दोन सार्वजनिक विहिरी बंद केल्या. परिसरात बेवारस टाकलेली १८४ पिंपे सापडली होती, म्हणून या विहिरींचे पाणी तपासायला घेतले गेले. एका लिटरमागे २६७ मायक्रोग्रॅम ट्रायक्लोरोइथिलीन निघाले. गावातल्या लहान मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त होते. त्यांच्या कुटुंबांनी कंपन्यांवर दावा लावला, १९८६मध्ये खटला चालला, पुढे त्यावर पुस्तक आणि चित्रपटही आला. विहिरी मात्र पुन्हा नळाला जोडल्या गेल्या नाहीत.

भूजलात उतरलेली द्रावके बाहेर काढता येतात का, किती काढता येतात आणि कुठे थांबायचे, या प्रश्नांवर गेली चार दशके अभियंते, भूशास्त्रज्ञ, नियामक आणि बाधित रहिवासी वाद घालत आहेत. तंत्रे अनेक आली, अब्जावधी डॉलर खर्च झाले. सुरुवातीला जो प्रश्न पाणी उपसण्याचा वाटत होता, तो आता प्रामुख्याने मातीच्या आणि खडकाच्या आत काय मुरले आहे याचा झाला आहे. या बदलाचा आणि त्यातून उभ्या राहिलेल्या भूमिकांचा हा आढावा.

दूषण उशिरा का कळले

ज्या रसायनांबद्दल इथे बोलतो आहोत त्यांत दोन मुख्य : ट्रायक्लोरोइथिलीन म्हणजे टीसीई आणि टेट्राक्लोरोइथिलीन म्हणजे पीसीई. टीसीईने धातूच्या सुट्या भागांवरचे तेल-ग्रीस निघते. पीसीई ड्रायक्लीनिंगच्या दुकानांत वापरले जाते. दोन्ही झटकन उडून जातात, सहसा पेट घेत नाहीत, कपड्याचे किंवा धातूचे नुकसान करत नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर विमान कारखाने, लष्करी तळ, छापखाने आणि इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने यांत त्यांचा वापर भरमसाट वाढला. वापरून झालेले द्रावक मोकळ्या जमिनीवर ओतले की उडून जाते, असा समज तेव्हा सर्वत्र होता आणि तो कारखान्याच्या कामकाजाचा भाग होता. काही उडून जाईही. उरलेले खाली उतरत होते.

ते खाली उतरल्याचे कळायला वेळ लागला, याचे एक साधे कारण मोजमापात होते. लिटरमागे काही मायक्रोग्रॅम इतके अल्प प्रमाण नेहमीच्या तपासणीत पकडणारी उपकरणे १९७०च्या दशकात प्रयोगशाळांमध्ये रुळली. त्यानंतर शोध लागत गेले. कॅलिफोर्नियाच्या सॅन होजे शहरात १९८१च्या अखेरीस एका सेमीकंडक्टर कारखान्याच्या भूमिगत टाकीतून द्रावक झिरपून जवळच्या पाणीपुरवठ्याच्या विहिरीत पोचल्याचे आढळले. धूर नसलेला, म्हणून स्वच्छ समजला गेलेला हा उद्योग. सॅन होजे ज्या काउंटीत आहे त्या सांता क्लारात पुढे केंद्रीय यादीतली २३ दूषित ठिकाणे नोंदली गेली, अमेरिकेतल्या कोणत्याही काउंटीपेक्षा जास्त. उत्तर कॅरोलिनातल्या कॅम्प लेजून या नौसैनिक तळावर १९८२मध्ये नळाच्या पाण्यात टीसीई लिटरमागे १,४०० मायक्रोग्रॅमपर्यंत आढळले. १९५३ ते १९८७ या काळात तिथे राहिलेल्यांना आणि काम केलेल्यांना दाद मागता यावी म्हणून अमेरिकी संसदेने २०२२मध्ये स्वतंत्र कायदा केला.

कायदाही याच काळात घडला. लव्ह कॅनाल या वस्तीखाली पुरलेला रासायनिक कचरा उघड झाल्याच्या प्रकरणानंतर १९८०मध्ये ‘सुपरफंड’ म्हणून ओळखला जाणारा कायदा आला. दूषित ठिकाणांची यादी करायची, जबाबदार कंपनी शोधून तिच्याकडून खर्च वसूल करायचा आणि कोणी सापडले नाही तर निधीतून काम करायचे, अशी त्याची रचना. १९८७मध्ये पिण्याच्या पाण्यात टीसीईची कमाल मर्यादा लिटरमागे ५ मायक्रोग्रॅम ठरली. कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने २०१२मध्ये टीसीईला मानवात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शक मूल्य आधी २० मायक्रोग्रॅम होते, ते २०२०मध्ये ८ वर आले.

जमिनीखाली नेमके काय होते

पेट्रोल पाण्यापेक्षा हलके, म्हणून गळती झाली तर ते भूजलाच्या पातळीवर तरंगते. टीसीई पाण्याच्या जवळजवळ दीडपट जड आहे, पीसीई त्याहूनही जड. त्यामुळे भूजलाची पातळी लागली तरी ही द्रावके थांबत नाहीत, पाण्याला बाजूला सारून आणखी खाली जातात. जर्मनीतले भूजलशास्त्रज्ञ फ्रीडरिश श्वीले यांनी काचेच्या टाक्यांत वाळू आणि पाणी भरून, वरून रंगीत द्रावक सोडून हे दाखवले. त्यांच्या कामाचा इंग्रजी अनुवाद १९८८मध्ये आला. काचेतून दिसणारे चित्र असे होते : द्रावक सरळ रेषेत उतरत नाही. बोटांसारख्या बारीक धारा फुटतात, कणांच्या फरकाचा पातळसा थर लागला तरी त्या वळतात, आडव्या पसरतात आणि एखाद्या कडेवरून पुन्हा खाली घसरतात. मागे कणाकणांत अडकलेले थेंब राहतात. घट्ट चिकणमाती लागली की तिच्यावर तळे साचते. एखादी विंधन विहीर अशा धारेपासून हातभर अंतरावरून गेली, तरी तिच्या हाती काहीच न लागणे शक्य आहे.

पाण्यात विरघळण्याची टीसीईची क्षमता लिटरमागे साधारण १,१०० मिलिग्रॅम. रसायनशास्त्राच्या हिशेबात ती कमीच. पण पिण्याच्या मर्यादेशी ताडून पाहिली तर ती मर्यादेच्या दोन लाख पटींहून जास्त भरते. म्हणजे साठा सावकाश विरघळतो, म्हणून वर्षानुवर्षे टिकतो. आणि जितका विरघळतो तितका पाणी बिघडवायला पुरून उरतो. गणित करून पाहावे : एक लिटर टीसीईचे वजन सुमारे १.४६ किलो. ते सारखे मिसळले तर जवळपास २९ कोटी लिटर पाणी ५ मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपर्यंत पोचते. दहा हजार लिटरचे २९ हजार टँकर.

याहून चिवट अडचण नंतर लक्षात आली. वाळूतून वाहणाऱ्या दूषित पाण्यातले द्रावक शेजारच्या चिकणमातीच्या थरात किंवा खडकाच्या सूक्ष्म छिद्रांत हळूहळू शिरते. तिथे पाणी जवळपास वाहत नाही, पण रेणू जास्त तीव्रतेकडून कमी तीव्रतेकडे सरकत राहतात. दशके गेली की चिकणमाती स्वतःच साठा बनते. मग वाळूतले पाणी स्वच्छ केले तरी चिकणमातीतून द्रावक उलटे बाहेर येऊ लागते. खारवलेली कैरी कितीदा धुतली तरी ताज्या पाण्यात ठेवली की पुन्हा मीठ सोडते, तसे हे आहे. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठाचे जॉन चेरी, बेथ पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकापासून हा मुद्दा मांडला आणि मोजूनही दाखवला. जड द्रावकाचा मूळ साठा पूर्ण विरघळून संपल्यानंतरही पाणी दूषित का राहते, याचा उलगडा त्यातून झाला.

पहिली पिढी : उपसा आणि प्रक्रिया

१९८०च्या दशकातला उपाय सरळ होता. विहिरी खोदायच्या, दूषित पाणी वर ओढायचे, मनोऱ्यातून खाली सोडताना त्यात हवा फुंकून द्रावक उडवायचे किंवा सक्रिय कार्बनच्या थरातून गाळायचे, आणि शुद्ध पाणी वापरायचे किंवा परत सोडायचे. जमिनीच्या वरचा भाग उत्तम चालतो, त्याबद्दल दुमत नाही. अ‍ॅरिझोनातल्या टूसॉनपासून लॉस एंजेलिसजवळच्या सॅन गॅब्रिएल खोऱ्यापर्यंत अशा यंत्रणांनी पाणी शुद्ध केले आहे.

वाद आहे तो जमिनीखालच्या परिणामाबद्दल. पहिल्या काही वर्षांत द्रावकाचे प्रमाण झपाट्याने उतरते, मग आलेख आडवा होतो आणि मर्यादेच्या कितीतरी वर अडून राहतो. पंप बंद केला की पुन्हा चढतो. डग्लस मॅके आणि जॉन चेरी यांनी १९८९मध्येच लिहिले होते की या पद्धतीकडे दूषण रोखून धरण्याचे साधन म्हणून पाहावे, जलधर म्हणजे भूजल धरून ठेवणारा थर पूर्ववत करण्याचे साधन म्हणून तिच्याकडून अपेक्षा ठेवू नये. १९९४मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने उपसा चालू असलेली ७७ ठिकाणे तपासली. ६९ ठिकाणी उद्दिष्ट अजून गाठले गेलेले नव्हते.

या आकड्याचे दोन अर्थ लावले गेले. टीकाकारांच्या मते पद्धतच अपयशी ठरली आणि कंपन्यांचा व सरकारचा पैसा पंपांच्या विजेवर गेला. बाजू घेणारे म्हणतात की पंप चालू असल्यामुळे दूषित पट्टा पुढच्या विहिरींपर्यंत पोचला नाही, हे यश आलेखात दिसत नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. अमेरिकी पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९३मध्ये ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ असे नोंदवून उद्दिष्टातून सूट देण्याची रीतसर वाटही ठेवली. ती कुठे द्यायची, हा आजही तंट्याचा विषय आहे.

दुसरी पिढी : मूळ साठ्यावर घाव

पाणी काढून भागत नसेल तर साठाच नष्ट करावा, हा विचार १९९०च्या दशकात पुढे आला. त्याचे तीन मार्ग. एक, जमिनीत इलेक्ट्रोड रोवून वीज सोडायची किंवा वाफ घालायची. टीसीई ८७ अंश सेल्सियसला उकळते, पाण्याच्या सान्निध्यात तर साधारण ७३ अंशांनाच वाफ होऊन सुटू लागते, ती वाफ वर ओढून पकडायची. दोन, पोटॅशियम परमँगनेटसारखे ऑक्सिडीकारक जमिनीत घालून द्रावकाचे रेणू जागीच तोडायचे. तीन, साबणासारखी द्रव्ये सोडून अडकलेले थेंब सोडवायचे आणि उपसायचे.

फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हरलच्या ३४ क्रमांकाच्या प्रक्षेपण तळावर रॉकेटचे भाग धुताना टीसीई जमिनीत गेले होते. तिथे १९९९-२०००च्या सुमारास शेजारशेजारच्या तुकड्यांवर वीज, वाफ आणि परमँगनेट यांची चाचणी झाली. अशा प्रयोगांतून एक गोष्ट स्पष्ट झाली. उष्णता चिकणमातीतही पोचते, कारण उष्णतेला वाहायला भोके लागत नाहीत. ऑक्सिडीकारक द्रव मात्र पाणी जिथून वाहते तिथूनच जातो आणि ज्या घट्ट थरांत माल मुरला आहे त्यांना वळसा घालतो. म्हणूनच ५९ ठिकाणांच्या २००६मधल्या तुलनात्मक अभ्यासात उपचारानंतर प्रमाण पुन्हा वाढण्याचे प्रकार रासायनिक ऑक्सिडीकरणाच्या ठिकाणी जास्त दिसले. उष्णता प्रभावी, पण महाग. तिला भरपूर वीज लागते आणि इमारतींच्या खाली काम करणे जिकिरीचे असते.

इथेच या क्षेत्रातला मोठा सैद्धांतिक वाद उभा राहतो. समजा साठ्याच्या जागी लिटरमागे ५,००० मायक्रोग्रॅम होते आणि ९० टक्के काढले. उरलेले ५०० अजूनही मर्यादेच्या शंभर पट. मग मिळवले काय? एक गट म्हणतो, पाणी पिण्याजोगे होणार नसेल तर एवढा खर्च व्यर्थ. दुसरा गट म्हणतो, साठ्यातून दरवर्षी बाहेर पडणारे वस्तुमान घटते, दूषित पट्टा आखडतो, पुढचा नैसर्गिक ऱ्हास त्याला पुरा पडतो आणि प्रश्न काही पिढ्यांनी लवकर सुटतो. २००३मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञगटाने नेमका हाच प्रश्न हाताळला. अंशतः साठा काढण्याचे फायदे संभवतात, पण ते आधी खात्रीने वर्तवता येत नाहीत, असा त्याचा सूर होता. तेव्हापासून एका विहिरीतल्या तीव्रतेऐवजी एखाद्या आडव्या छेदातून दरवर्षी किती ग्रॅम द्रावक पुढे जाते, हे मोजण्यावर भर आला.

वाटेत अडवणारी लोखंडी भिंत

तिसरी दिशा योगायोगाने सापडली. वॉटर्लू विद्यापीठात नमुने घेण्याच्या नळ्यांच्या साहित्याचा पाण्याच्या नमुन्यावर काय परिणाम होतो, हे १९८०च्या दशकात तपासले जात होते. धातूच्या संपर्कात द्रावकाचे प्रमाण घटत होते आणि ते केवळ चिकटून राहिल्यामुळे नव्हते. रेणू तुटत होते. लोखंड गंजताना जे इलेक्ट्रॉन सोडते ते क्लोरीनचे अणू काढून टाकतात. रॉबर्ट गिलहॅम यांनी त्यातून कल्पना मांडली : दूषित पट्ट्याच्या वाटेत खंदक खणून त्यात लोखंडाचा कीस भरावा, पाणी आपल्या चालीने त्यातून जाईल आणि पलीकडे स्वच्छ निघेल. १९९१मध्ये कॅनडातल्या बॉर्डन लष्करी तळावर २२ टक्के लोखंड आणि ७८ टक्के वाळूची भिंत घातली गेली. तिने टीसीई सुमारे ९० टक्के आणि पीसीई ८६ टक्के घटवले. काही वर्षांतच कॅलिफोर्नियातल्या सनीवेल इथे पहिली व्यावसायिक भिंत उभी राहिली.

या पद्धतीचे बलस्थान हे की पंप नाही, वीज नाही. मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. पाणी उथळ असावे लागते. पाण्यातले कार्बोनेट आणि इतर क्षार साचून कीस बुजतो. भिंतीच्या मागचा साठा तसाच राहतो. काही भिंती वीस वर्षे नीट चालल्या, काहींना पाण्याने बाजूने वळसा घातला. लोखंडाचे आयुष्य अदमासे सांगता येते, मातीची लहर सांगता येत नाही.

जिवाणूंचे काम

१९८०च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये पेरी मॅकार्टी आणि त्यांचे सहकारी दाखवत होते की ऑक्सिजन नसलेल्या भूजलात पीसीईपासून टीसीई, त्यापासून डायक्लोरोइथिलीन आणि त्यापासून व्हिनाइल क्लोराइड बनते. ही बातमी चांगली नव्हती, कारण शेवटचे रसायन जास्त घातक. त्याची अमेरिकी मर्यादा २ मायक्रोग्रॅम. ही साखळी निरुपद्रवी इथिलीनपर्यंत जाऊ शकते, हे १९८९मध्ये कॉर्नेल विद्यापीठात दिसले. १९९७मध्ये तिथल्याच गटाने शेवटपर्यंत मजल मारणारा जिवाणू वेगळा केला. आज तो डीहॅलोकोकॉइडिस मॅकार्टी या नावाने ओळखला जातो. हा जिवाणू क्लोरीन असलेले द्रावक श्वसनासाठी वापरतो. त्याला हायड्रोजन लागतो आणि तो इतर जिवाणूंनी साखर किंवा तेल कुजवल्यावर मिळतो.

त्यामुळे प्रत्यक्ष जागेवरचा उपचार विलक्षण घरगुती साहित्याचा असतो. सोयाबीन तेलाचे दुधासारखे मिश्रण, लॅक्टेट, काही ठिकाणी चक्क उसाची मळी विहिरींतून जमिनीत सोडली जाते. जिथे हा जिवाणू मुळातच नाही तिथे प्रयोगशाळेत वाढवलेले कल्चर घातले जाते. टोरंटोच्या गटाने विकसित केलेले असे कल्चर टेक्सासच्या केली हवाई तळावर वापरल्याचे निष्कर्ष २००२मध्ये प्रसिद्ध झाले. खर्च कमी आणि परिणाम चांगला, म्हणून आज ही पद्धत सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या पद्धतींपैकी आहे.

अडचण मधल्या टप्प्याची. योग्य जिवाणू नसले, पाणी आम्लधर्मी झाले किंवा खाद्य संपले, तर साखळी डायक्लोरोइथिलीनवर किंवा व्हिनाइल क्लोराइडवर अडते. मूळ द्रावकाचा आकडा घटलेला दिसतो, पण धोका घटलेला नसतो. शिवाय ऑक्सिजन संपल्यामुळे मातीतले लोह, मँगेनीज आणि काही ठिकाणी आर्सेनिकही पाण्यात उतरू शकते. म्हणून फक्त टीसीईचा अहवाल पाहून यश जाहीर करणे आता कोणी जाणकार मान्य करत नाही.

निसर्गावर सोपवणे

जिवाणू आपोआपच काम करत असतील तर नुसते लक्ष ठेवावे का? १९९९मध्ये पर्यावरण संरक्षण संस्थेने ‘देखरेखीखालील नैसर्गिक ऱ्हास’ याला अटींसह मान्यता दिली : ऱ्हास होत असल्याचे पुरावे हवेत, वेळ वाजवी हवा, दूषित पट्टा वाढत नसावा आणि चूक निघाली तर पर्यायी योजना तयार असावी. उद्योगांना हे पटले. रहिवाशांच्या अनेक गटांना यात काहीही न करण्याला शास्त्रीय नाव दिल्याचा वास आला. राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०००च्या अहवालात मध्यममार्ग धरला. क्लोरीनयुक्त द्रावकांचा ऱ्हास काही ठिकाणीच पुरेसा होतो, तो प्रत्येक जागी सिद्ध करावा लागेल आणि निर्णयात परिसरातल्या लोकांना सुरुवातीपासून घ्यावे लागेल, असे तिचे म्हणणे होते.

पूर्ण शुद्धी की कायमचे व्यवस्थापन

वरचे सगळे धागे एका वादात एकत्र येतात. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या अहवालाने अमेरिकेत भूजल दूषित असलेली, अद्याप बंद न करता आलेली किमान १,२६,००० ठिकाणे मोजली. त्यातली सुमारे १० टक्के इतकी गुंतागुंतीची की पुढच्या ५० ते १०० वर्षांतही पाणी पिण्याच्या मर्यादेत येण्याची शक्यता कमी. उरलेला खर्च ११० ते १२७ अब्ज डॉलर, आणि तोही कमी धरलेला असू शकतो.

यावर तीन भूमिका दिसतात. पहिली : कायद्याने ठरवलेले उद्दिष्ट सोडू नये. आज अशक्य वाटते ते उद्या शक्य होईल. एकदा सूट दिली की संशोधनाची निकड संपते आणि भूजल ही पुढच्या पिढ्यांची संपत्ती कायमची गमावली जाते. दुसरी : पैसा मर्यादित आहे. ज्या जागी लोकांचा संपर्क येतो तिथे तो आधी लावावा. दूर, खोल, कोणी न वापरणाऱ्या जलधरात शेवटच्या काही मायक्रोग्रॅमसाठी तो ओतू नये. जमीन-वापरावर बंधने, विहिरींना मनाई आणि दीर्घ देखरेख एवढे पुरते. तिसरी भूमिका परिषदेच्या अहवालाच्या जवळ जाणारी : उपचाराचा परिणाम एका बिंदूवर थांबला की तटस्थ तज्ज्ञांकडून फेरतपासणी करावी आणि मग ठरवावे की तंत्र बदलायचे की व्यवस्थापनाकडे वळायचे. पहिल्या भूमिकेला खर्चाचे उत्तर द्यावे लागते, दुसरीला शंभर वर्षे बंधने कोण पाळणार आणि कोणती कंपनी तोवर शिल्लक असणार याचे. तिसरीला त्या फेरतपासणीत रहिवाशांचा आवाज किती, याचे.

खर्च कोणाचा हाही त्यातलाच भाग. सुपरफंडचा उद्योगांवरचा कर १९९५मध्ये संपला, तेव्हापासून वारसदार नसलेल्या ठिकाणांचा भार सामान्य करदात्यावर वाढत गेला. रसायनांवरचा कर २०२२पासून पुन्हा सुरू झाला आहे.

वाफ आणि नवे दूषक

भूजल न पिणारेही सुरक्षित नाहीत, हे २०००नंतर जास्त प्रकर्षाने पुढे आले. द्रावके उथळ पाण्यातून वाफ होऊन मातीतून वर येतात आणि फरशीच्या भेगांतून घरात शिरतात. न्यूयॉर्क राज्यातल्या एंडिकॉट गावात शेकडो घरांखाली त्यासाठी पंखे आणि नळ्या बसवाव्या लागल्या. यामुळे ‘पाणी कोणी पीत नाही, मग घाई कसली’ हा युक्तिवाद लंगडा पडला. घरातल्या हवेत टीसीई किती चालेल यावर मतभेद आहेत. गर्भातल्या हृदयविकारांबद्दलचा २००३चा उंदरांवरचा अभ्यास काही नियामकांनी आधार मानला, तर त्याची पुनरावृत्ती होत नसल्याचे उद्योगाच्या बाजूचे अभ्यासक दाखवतात.

दुसरी भर नव्या नावांची. १,१,१-ट्रायक्लोरोइथेन या द्रावकात स्थिरक म्हणून १,४-डायॉक्सेन घातले जाई. ते पाण्यात पूर्ण मिसळते, हवेने उडत नाही, कार्बनला फारसे चिकटत नाही. टीसीईसाठी उभारलेल्या यंत्रणेतून ते सरळ निसटते. त्यामुळे पूर्ण समजलेली कामे पुन्हा उघडावी लागली. अमेरिकेने डिसेंबर २०२४मध्ये टीसीईवर जवळपास संपूर्ण बंदीचा नियम जाहीर केला. त्याला न्यायालयात आव्हान मिळाले आहे. बंदी टिकली तरी जमिनीत गेलेले तसेच राहते.

भारतात आणि महाराष्ट्रात

आपल्याकडचे सर्वांत अभ्यासलेले उदाहरण भोपाळचे. युनियन कार्बाइडच्या आवारातून आणि कचऱ्याच्या तळ्यांतून कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म आणि क्लोरीनयुक्त बेंझिने आसपासच्या भूजलात उतरल्याचे १९९९पासूनच्या अनेक तपासण्यांत दिसले. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने (नीरी) आणि हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने २०१०च्या सुमारास तिथे अभ्यास केला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर वस्त्यांना नळाने पाणी दिले गेले. साठवलेला सुमारे ३३७ टन कचरा जानेवारी २०२५मध्ये पीथमपूरला हलवला गेला. भूजल शुद्ध करण्याचे काम मात्र त्यात नव्हते.

कायद्याची चौकट हळूहळू उभी राहते आहे. राजस्थानातल्या बिछडी गावच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये ‘दूषित करील त्याने भरावे’ हे तत्त्व लागू केले. तिथले प्रदूषण द्रावकांचे नव्हते, पण तत्त्व सर्वांना लागू होते. २०२५मध्ये केंद्राने दूषित ठिकाणांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम अधिसूचित केले. संशयित ठिकाणांची नोंद, तपासणी, जबाबदार व्यक्ती ठरवणे आणि उपचाराची योजना असे टप्पे त्यात आहेत. एक पोकळी राहते : पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, क्लोरोफॉर्मसारख्या संयुगांच्या मर्यादा आहेत, टीसीई आणि पीसीई यांच्या स्वतंत्र मर्यादा नाहीत. मर्यादाच नसेल तर नेहमीच्या तपासणीत ते शोधलेही जात नाही.

आणि शोधणे सोपे नाही. नमुन्यासाठी ४० मिलिलिटरची काचेची कुपी लागते, झाकणाला टेफ्लॉनचा पडदा हवा. पाणी कडेने सावकाश सोडून कुपी काठोकाठ भरायची, झाकण लावून उलटी करायची, बोटाने टिचकी मारायची. वाटाण्याएवढा बुडबुडा दिसला तरी नमुना बाद, कारण द्रावक त्या हवेत निसटते. मग बर्फात ठेवून ठरलेल्या मुदतीत प्रयोगशाळेत पोचवायची. हातपंपाखाली प्लास्टिकच्या बाटलीत धबधबा भरून घेतलेल्या पाण्यात द्रावक सापडले नाही, यावरून ते विहिरीतही नव्हते असे म्हणता येत नाही.

महाराष्ट्राची जमीन हा स्वतंत्र प्रश्न आहे. राज्याचा ८० टक्क्यांहून जास्त भाग बेसाल्टचा. लाव्ह्याचे थर, मधे तांबड्या मातीचे पट्टे, सांधे आणि भेगा, वर मुरूम. पाणी भेगांतून वाहते, त्यामुळे एका विंधन विहिरीला लागलेले पाणी शेजारच्या विहिरीला लागेलच असे नाही, हे गावागावात ठाऊक आहे. बॉर्डनच्या वाळूत सिद्ध झालेली लोखंडी भिंत किंवा ठरावीक अंतरावर घातलेले इंजेक्शन इथे जसेच्या तसे चालणार नाही. भेगाळलेल्या खडकातला द्रावकाचा उपचार हा जगभरच या क्षेत्राचा सर्वांत कच्चा भाग आहे. औषधे, रंग आणि कीटकनाशके बनवणाऱ्या औद्योगिक वसाहती मात्र याच खडकावर आहेत.

काय ठरले, काय उरले

काही गोष्टींवर आज व्यापक एकमत आहे. केवळ उपशाने जलधर पूर्ववत होत नाही, पण दूषण रोखता येते. एकच तंत्र पुरत नाही. साठ्यावर उष्णता, पुढच्या पट्ट्यात जिवाणू आणि टोकाला देखरेख अशी सांगड घालावी लागते. आधी जागेचा नकाशा बारकाईने काढण्यावर खर्च केला तर पुढचा खर्च वाचतो. आणि यश मोजताना मूळ द्रावकाबरोबर त्याची अपत्येही मोजावी लागतात.

जे सुटलेले नाही त्यात तीन प्रश्न अग्रभागी आहेत. घट्ट मातीत आणि खडकात मुरलेला साठा परवडणाऱ्या खर्चात कसा काढायचा, याला विज्ञानाचे उत्तर अजून अपुरे आहे. अंशतः काढलेल्या साठ्याचा लाभ किती, हे आधी सांगण्याची रीत अजून विश्वासार्ह नाही. आणि ‘पुरेसे स्वच्छ’ कोणी ठरवायचे, हा प्रश्न तर विज्ञानाचा नाहीच. तो किंमत मोजणाऱ्या, पाणी पिणाऱ्या आणि नियम करणाऱ्या अशा तिघांत तोडायचा आहे.

अमेरिकेतला वाद किती स्वच्छ करायचे इथवर आला, कारण चार दशके विहिरी खोदून, नमुने घेऊन, आकडे जाहीर करून कुठे किती आहे हे बऱ्याच अंशी कळले. भारतात त्याआधीची पायरी अपुरी आहे. टीसीई आणि पीसीईच्या मर्यादा मानकात आणणे, औद्योगिक वसाहतींच्या खालच्या बाजूच्या विहिरींचे योग्य कुपीत नमुने घेणे आणि अहवाल लोकांसमोर ठेवणे, यांतले काहीही नव्या तंत्रज्ञानासाठी अडलेले नाही. ते झाल्यावरच तिन्ही भूमिकांपैकी कोणती आपल्या खडकाला आणि खिशाला मानवते, यावर इथे अर्थपूर्ण चर्चा होऊ शकेल.